भातावरील करपा : बुरशी पानात शिरते कशी आणि रोप तिला अडवते कसे?

प्रश्न – इंद्रायणीकाठ

नमस्कार. आमची भातशेती मावळ तालुक्यात आहे. यंदा लावणीनंतर बरेच दिवस ढगाळ हवा, दिवसभर भुरभुर पाऊस आणि सकाळी उशिरापर्यंत न वाळणारे दव अशी स्थिती होती आणि त्यापाठोपाठ करपा आला. शेजारशेजारच्या दोन खाचरांत आम्ही दोन वेगळे वाण लावले आहेत. एका वाणाच्या पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडले. ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळले आणि पाने जाळल्यासारखी दिसू लागली. दुसऱ्या वाणावर मात्र टाचणीच्या टोकाएवढे गडद तपकिरी बिंदू दिसले आणि ते तेवढेच राहिले. दोन्ही खाचरांना पाणी एकच आहे, मधला बांधही जेमतेम हातभर रुंद आहे.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे काही गोष्टी मुळापासून विचारतो. बुरशीसारखी नाजूक वस्तू भाताच्या चिवट, पाणी न धरणाऱ्या पानातून आत जाते कशी? दुसऱ्या वाणावरचे बारीक बिंदू हा सौम्य रोग समजायचा, की रोपाने केलेला प्रतिकार? युरियाचा हात सैल सोडला की करपा वाढतो हे सगळेच सांगतात, पण त्यामागचे कारण काय? आणि ठिपके दिसल्यावर लगेच फवारणी करूनही ते ठिपके बरे का होत नाहीत? औषधाच्या दुकानातून मिळालेले उत्तर “मात्रा वाढवा” एवढेच होते.

प्रतिसाद १ – कवकतंतू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण फवारणीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

करप्याच्या बुरशीचे शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. जुन्या पुस्तकांत आणि अलीकडच्या काही लेखनातही ती पायरिक्युलारिया ओरायझी या नावाने आढळते. तिचा बीजाणू नासपतीच्या आकाराचा आणि तीन पेशींचा असतो. तो वाऱ्याने किंवा पावसाच्या शिंतोड्याने पानावर येतो आणि ओलावा मिळताच त्याच्या टोकातून एक चिकट द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे मेणचट पानावरूनही तो घरंगळत नाही. दोनएक तासांत त्यातून अंकुरनलिका निघते. पृष्ठभाग कठीण आहे का, पाणी झटकणारा आहे का, पानाच्या उपत्वचेतील (सर्वांत वरच्या मेणचट आवरणातील) रासायनिक घटक तेथे आहेत का, याचा अंदाज ही नलिका घेते, आणि खूण पटली की तिचे टोक फुगून घुमटासारखी एक पेशी तयार होते. या पेशीला अप्रेसोरियम म्हणतात.

या सगळ्या काळात बुरशीला पानाकडून अन्नाचा कणही मिळालेला नसतो. बीजाणू स्वतःबरोबर आणलेल्या शिदोरीवर जगतो; इतकेच नव्हे, तर तो स्वतःच्या पेशींतील द्रव्य पचवून ते अप्रेसोरियममध्ये पाठवतो आणि स्वतः कोसळून रिकामा होतो. ज्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) बुरशीत हे आत्मपचन होत नाही, तिला पानात शिरता येत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे.

आता घुमटाकडे येऊ. त्याच्या भित्तिकेच्या आतल्या बाजूला मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याचा थर बसतो. आत ग्लिसेरॉल मोठ्या प्रमाणात साठते. मेलॅनिनच्या थरामुळे ते बाहेर झिरपू शकत नाही, पण बाहेरचे पाणी मात्र आत ओढले जाते. त्यामुळे आतील दाब ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे ८० पट जातो. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो, त्याच्या साधारण ४० पट हा दाब आहे. तो सगळा दाब घुमटाच्या तळाशी असलेल्या एका सूक्ष्म खुंटीवर एकवटतो आणि ती खुंटी उपत्वचा व पेशीभित्तिका भेदून पहिल्या पेशीत उतरते. म्हणजे करप्याची बुरशी आपली वाट मुख्यतः बळाने फोडते. बीजाणू पडल्यापासून इथपर्यंतचा प्रवास साधारण एका दिवसात पुरा होतो आणि त्याचा बराच भाग पान ओले असतानाच पार पडावा लागतो. आपण लिहिलेले न वाळणारे दव इथे निर्णायक ठरते.

ट्रायसायक्लाझोल हे करप्यावरचे परिचित औषध नेमके या मेलॅनिनवर चालते. ते बुरशीला मारत नाही. प्रयोगशाळेतील बशीत त्या औषधासह बुरशी वाढते, फक्त तिचा काळसर रंग जातो. मेलॅनिन नसले की दाब टिकत नाही आणि खुंटीला भित्तिका भेदता येत नाही. ज्या उत्परिवर्तित बुरशीत मेलॅनिन मुळातच बनत नाही, तिला धड पानात शिरता येत नाही, पण पानाला जखम असेल तर तीही रोग निर्माण करू शकते. यावरून हे औषध बुरशी आत शिरण्यापूर्वी पानावर असले तरच खरे उपयोगी का, हे स्पष्ट व्हावे. मात्रा वाढवून हा हिशेब बदलत नाही.

आत गेल्यावर पहिले तीन-चार दिवस बाहेर काहीच दिसत नाही. बुरशीचे तंतू जिवंत पेशीत वाढतात, पण पेशीचे पटल फाडत नाहीत. ते पटलच तंतूंभोवती गुंडाळले जाते. एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाताना बुरशी पेशींना जोडणाऱ्या नैसर्गिक सूक्ष्म मार्गांचाच उपयोग करते आणि त्यासाठी आपले तंतू कमालीचे बारीक करते. त्यानंतर ती वागणूक बदलते, पेशी मरू लागतात आणि आपल्याला डोळ्याच्या आकाराचा ठिपका दिसतो. दमट रात्री अशा एकेका ठिपक्यातून हजारो नवे बीजाणू सुटतात. मेलेल्या पेशी कोणत्याही औषधाने पुन्हा हिरव्या होणार नाहीत. त्या वेळची फवारणी असते ती नव्या पानांसाठी.

हे चित्र सगळ्याच रोगांना लावू नये. गव्हावरचा तांबेरा बहुधा पर्णरंध्रांतून आत जातो. भुरीची बुरशी वरच्या थरातील पेशींतच आपले शोषक अवयव घालते आणि उरलेली सगळी पानाच्या बाहेर पसरते. द्राक्षावरील केवड्याचा रोगकारक तर खऱ्या अर्थाने बुरशीच नाही. तो शैवालांच्या जवळच्या गटातला आहे, त्याचे पोहणारे बीजाणू पाण्याच्या थरातून पर्णरंध्रापर्यंत जातात. त्यामुळे एका रोगावरचे औषध दुसऱ्यावर मारण्याआधी रोगकारक आत कसा शिरतो, हे पाहिलेले बरे.

प्रतिसाद २ – पेशीभिंत

प्रतिकाराबद्दल मी लिहितो. वनस्पतीकडे आपल्यासारख्या रक्तातून फिरणाऱ्या संरक्षक पेशी नसतात; प्रत्येक पेशीला आपला बचाव स्वतःच सुरू करावा लागतो. त्यामुळे रोप प्रतिकार करते की नाही, यापेक्षा शत्रू आल्याचे त्याला किती लवकर कळते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माझ्या मते रोगप्रतिकारक आणि रोगाला बळी पडणारा वाण यांतला फरक पुष्कळदा या वेळेचाच असतो.

बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचे चिवट द्रव्य असते. वनस्पतीत ते नसते. म्हणून कायटिनचा तुकडा सापडणे ही भातासाठी परक्याची पक्की खूण आहे. भाताची विकरे (एन्झाइम) बुरशीच्या भित्तिकेचे तुकडे करतात, पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिने ते तुकडे ओळखतात, आणि काही मिनिटांत पेशीत कॅल्शियमचा ओघ सुरू होतो, तीव्र क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू तयार होतात, भित्तिका जाड होऊ लागते आणि साकुरानेटिन, मोमिलॅक्टोन यांसारखी बुरशीला घातक असलेली द्रव्ये बनू लागतात.

बुरशीनेही यावर उपाय शोधले आहेत. ती आपल्या कायटिनवर अल्फा-ग्लुकॅन या शर्करासाखळीच्या एका प्रकाराचे आच्छादन घालते, आणि ते पचवणारे विकर भाताकडे नाही. जपानमधील संशोधकांनी जिवाणूतील तसे विकर बनवणारे जनुक भातात घातले तेव्हा करप्याविरुद्धचा प्रतिकार लक्षणीय वाढला. शिवाय ही बुरशी एक असे प्रथिन बाहेर सोडते, जे सुटलेले कायटिनचे तुकडे भाताच्या ग्राहकांपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवते. अशा, रोपाचा प्रतिकार दडपणाऱ्या प्रथिनांना इफेक्टर म्हणतात आणि करप्याच्या बुरशीकडे त्यांचा मोठा साठा आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यापुढच्या पायरीवर मिळते. काही वाणांत पेशीच्या आत अशी प्रथिने असतात, जी विशिष्ट इफेक्टर हजर झाल्याचे ओळखतात. ओळख पटली की बाधित पेशी आणि तिच्या आसपासच्या मोजक्या पेशी स्वतःहून मरतात. करप्याच्या बुरशीला सुरुवातीचे दिवस जिवंत पेशीच लागत असल्याने ती तिथेच अडकते आणि आपल्याला दिसतो तो न वाढणारा तपकिरी बिंदू. आपल्या दुसऱ्या खाचरातील बिंदू या प्रकारचे असतील, तर तो रोपाने केलेला प्रतिकारच आहे.

या ओळखीची एक पद्धत मला फार विलक्षण वाटते. काही इफेक्टर भातातील एका विशिष्ट प्रकारच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. भाताच्या काही वाणांत त्या लक्ष्याचाच एक तुकडा संरक्षक प्रथिनात जोडला गेला आहे. इफेक्टर नेहमीचे लक्ष्य समजून त्या तुकड्याला चिकटतो आणि त्यामुळेच पकडला जातो.

पेशी मारण्याचा हा उपाय सर्वत्र चालत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशीला तो उलट सोयीचा ठरतो. अमेरिकेत १९४० च्या दशकात ‘व्हिक्टोरिया’ या मूळ वाणापासून काढलेले ओटचे वाण तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले, आणि १९४६ च्या सुमारास एका वेगळ्याच बुरशीने त्यांचा फडशा पाडला. त्या बुरशीचे विष जिथे परिणाम करत होते, ते संवेदनशील जनुक आणि तांबेऱ्याला अडवणारे जनुक वेगळे करणे पैदासकारांना शक्य झाले नाही.

प्रतिसाद ३ – राबाची राख

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण “तो प्रतिकारच आहे” हे वाक्य ‘असतील तर’ या अटीसह वाचावे, एवढे सुचवतो. भातावर तपकिरी ठिपके नावाचा दुसराही बुरशीजन्य रोग येतो. त्याचे ठिपके सुरुवातीला बारीक आणि गडदच असतात, पुढे तिळाच्या आकाराचे लंबगोल होतात. हलक्या, पालाश कमी असलेल्या जमिनीत आणि उपाशी राहिलेल्या पिकावर तो जास्त दिसतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या कारणांची चर्चा करताना त्याआधीच्या हंगामातील या रोगाच्या साथीचा उल्लेख हमखास होतो. त्या दुष्काळाची मुख्य कारणे राजकीय आणि आर्थिक होती असे मानणारेही ही साथ नाकारत नाहीत. पानाची कड वरून खाली पिवळी पडत वाळत गेली असेल, तर तो कडा करपा असतो. तो जिवाणूजन्य आहे आणि त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग होत नाही.

घरी करण्याजोगी परीक्षा अशी. दोन्ही खाचरांतील ठिपके असलेली पाने तोडून ओल्या टिपकागदावर, झाकण असलेल्या डब्यात, वेगवेगळी एक-दोन रात्री ठेवावीत. करप्याच्या वाढत्या ठिपक्यावर भिंगातून राखाडी लव दिसते. प्रतिकारातून झालेल्या बिंदूवर ती येत नाही. लव आलीच, तर जवळच्या कृषी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दाखवून घ्यावेत: नासपतीसारखा तीन पेशींचा बीजाणू करप्याचा, आणि लांबट, किंचित वाकलेला, अनेक आडव्या पडद्यांचा बीजाणू तपकिरी ठिपक्यांचा.

आता युरियाबद्दल. नत्र एकदम आणि जास्त मिळाले की फुटवे दाट होतात, पाने लुसलुशीत होऊन वाकतात, आतील हवा खेळत नाही आणि दव उशिरापर्यंत टिकते. पेशींत बुरशीला सहज वापरता येतील अशी नत्रयुक्त संयुगे वाढतात. तिसरे कारण सहसा सांगितले जात नाही, ते म्हणजे सिलिकाचे. भात हे मातीतून सिलिका मोठ्या प्रमाणात उचलणारे पीक आहे. पानाच्या सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. ती वरच्या थरातील पेशींच्या भित्तिकेत बसते, त्यामुळे खुंटीला अडथळा होतो आणि पेशीचा रासायनिक प्रतिकारही लवकर जागा होतो. नत्राने झपाट्याने वाढलेल्या पानात सिलिकेचे प्रमाण तुलनेने घटते.

आपल्याकडे कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळणे आणि पेंढ्याचा काही भाग जमिनीला परत देणे हे पहिले सूत्र आहे, तर युरिया आणि डीएपी या खतांच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चिखलात खोल खोचणे हे चौथे. करप्याच्या दृष्टीने पाहिले तर एका सूत्राने सिलिका मिळते आणि दुसऱ्याने नत्र हळूहळू मिळते. पेंढा पूर्ण विकणाऱ्या किंवा बांधावर जाळणाऱ्या शेतकऱ्याने आपण दरवर्षी शेतातून किती सिलिका बाहेर काढतो, याचा जरूर विचार करावा. आणखी एक गोष्ट: खाचर कोरडे पडले की करपा बळावतो. पाणी भरून ठेवता येत असेल, तर त्या काळात ते मोडू नये.

उपप्रश्न – इंद्रायणीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. डब्याची परीक्षा अवश्य करतो. यातून एक नवी शंका निर्माण झाली. प्रतिकारक म्हणून आलेले वाण काही वर्षांनी करप्याला बळी पडू लागतात, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. बियाणे ‘उतरते’ असे त्यांचे म्हणणे आहे. वाणाची ओळखण्याची शक्ती खरोखरच कमी होते का? आणि चुलत्यांच्या डोंगरउतारावर नाचणी असते, तिच्यावरही करपा म्हणूनच रोग येतो. तो तिथून भातावर येतो का?

प्रतिसाद ४ – पेशीभिंत

बियाण्यात भेसळ झाली नसेल, तर वाणाचे जनुक जसेच्या तसेच राहते. बदलते ती बुरशी.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा येथे हॅरॉल्ड फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करताना दाखवून दिले, की रोपातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाच्या समोर रोगकारकातही एक जुळते जनुक असते, आणि दोन्ही हजर असली तरच प्रतिकार होतो. भाताच्या भाषेत सांगायचे, तर वाण ज्या इफेक्टरला ओळखतो तो इफेक्टर बनवणेच बुरशीने बंद केले, की त्या वाणाला काहीच दिसत नाही. करप्याच्या बुरशीत अशी काही जनुके गुणसूत्राच्या टोकाजवळ असतात, तिथून ती सहज गळून पडतात. कधी एखादा उडता जनुकखंड मध्येच घुसून ती निकामी करतो. एका हंगामात एका शेतात तयार होणाऱ्या बीजाणूंची प्रचंड संख्या लक्षात घेता असा एखादा बदललेला बीजाणू निपजणे अवघड नाही. आणि तालुकाभर एकच वाण असेल, तर त्याच्या वंशजांना सगळे रान मोकळे मिळते.

म्हणूनच पैदासकार आता एका वाणात एकाहून अधिक जनुके एकत्र आणतात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या पुसा बासमती १८४७ या वाणात करप्याविरुद्ध पाय-२ आणि पाय-५४ ही दोन, तर कडा करप्याविरुद्ध आणखी दोन जनुके आहेत. बासमतीत याची निकड वाढण्याला व्यापाराचेही कारण होते: युरोपीय संघाने तांदळातील ट्रायसायक्लाझोलच्या अवशेषांची मर्यादा २०१८ पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. त्यामुळे निर्यातीच्या तांदळावर हे औषध फवारणे जोखमीचे झाले.

दुसरा मार्ग मला अधिक पटतो, तो म्हणजे शेतातच विविधता ठेवण्याचा. चीनच्या युन्नान प्रांतात १९९८ आणि १९९९ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणारा चिकट तांदूळ प्रतिकारक संकरित भातात ओळींनी मिसळून लावला. स्वतंत्रपणे लावलेल्या चिकट भाताच्या तुलनेत त्यावरील करप्याची तीव्रता ९४ टक्क्यांनी कमी झाली आणि त्याचे उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढले, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. शेजारच्या ओळीतले रोप वेगळे असल्याने सुटलेले बहुतेक बीजाणू वाया गेले आणि उंच चिकट भाताच्या पानांभोवतीची हवाही अधिक कोरडी राहिली. त्या भागात चिकट तांदळाला वेगळा भाव होता आणि कापणी हाताने होत होती, हे मात्र विसरता कामा नये. यंत्राने कापणी करणाऱ्याला हा प्रयोग जड जाईल.

प्रतिसाद ५ – कवकतंतू

नाचणीबद्दल थोडक्यात. नाचणीवरील करप्याची बुरशी याच जातीची आहे, पण या जातीत भात, नाचणी, गहू, राळा अशा यजमानांनुसार वेगवेगळे गट पडलेले आहेत आणि नाचणीवरचा गट सहसा भातावर रोग निर्माण करत नाही. त्यामुळे चुलत्यांच्या नाचणीला दोष देऊ नये. मात्र या सीमा कायमच्या नसतात. गव्हावर करपा प्रथम १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात आढळला, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो एकाएकी बांगलादेशात प्रकटला. गवतावरील बुरशीला अडवणारे एक जनुक नसलेले गव्हाचे वाण ब्राझीलमध्ये मोठ्या क्षेत्रावर पेरले गेल्यामुळे तिला गव्हावर येण्याची संधी मिळाली, असे जपानी संशोधकांच्या अभ्यासातून पुढे आले.

प्रतिसाद ६ – राबाची राख

आपल्या पहिल्या खाचरासाठी एक तातडीची गोष्ट. पानावरचा करपा दिसला, तेव्हा त्याचा खरा फटका पुढे मानमोडीच्या रूपाने बसू शकतो. लोंबीच्या मानेत बुरशी शिरली, की वरचा अन्नपुरवठा तुटतो, दाणे पोचट राहतात आणि लोंबी मानेपाशी मोडते. त्या अवस्थेत काहीही करता येत नाही. म्हणून पोटरी संपून लोंबी डोकावू लागण्याच्या सुमारास हवा ढगाळ असेल, तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतील बुरशीनाशक शिफारशीच्याच मात्रेत तेव्हा फवारावे, आणि युरियाचा राहिलेला हप्ता पहिल्या खाचराला देऊ नये. दुसऱ्या खाचरात फवारणी करायची की नाही, हे डब्यात ठेवलेल्या पानांवर लव येते का ते पाहून ठरवावे.